दोरी कुणाच्या बाजूला

नव्या बंगल्याच्या हॉलला मरून मखमलीचा पडदा ठरला, तेव्हाच सुंदरबाईंनी नाक मुरडलं. खाली सोनेरी झालर, वर गोंडे! नांदूरघाटच्या धुळीत त्या मखमलीची महिनाभरात शेळीची पाठ होणार होती. पण सांगायचं कुणाला? नवरा अर्जुनराव पडले पुढारी, त्यांना हॉल पाहिजे लग्नाच्या मांडवासारखा.

"लावा मखमल," त्या म्हणाल्या. "पाव्हण्यांना हात पुसायला होईल."

केजहून आलेली पडदेवाली जाहेदा मांडीवर कापडाचे नमुने घेऊन बसली होती. हसू दाबून तिनं पुढचं कापड दाखवलं. स्वयंपाकघराला धुता येईल असं सुती ठरलं, देवघराला पातळ पांढरं.

"आन् सूनबाईच्या खोलीला बांबूच्या काड्यांचा चिक लाव. दाट," अर्जुनराव सोफ्यावरून म्हणाले. "व्हरांड्याच्या बाजूनं. दोरी बी बाहीर."

"बाहीर कावून, आबा?" जाहेदानं विचारलं. "खोलीतल्या माणसाला वर-खाली कसा करता येईल?"

"माझी माणसं बसत्यात व्हरांड्यात. आत दोरी दिली की पोरगी उघडून बसंल. अब्रूदाराच्या घरात चिकाची दोरी बाहीरच असती." मग दात कोरत हसले. "तुमच्यात बुरखा असतोय. आमच्यात तसलं काय न्हाई बघ. आमी लई मोकळे."

जाहेदा खाली बघून टेप गुंडाळत राहिली. सुंदरबाईंना शिसारी आली. दातात अडकलेलं मटण काढत काढत हा माणूस मोकळेपणा सांगतोय! थू!

चिकाची दोरी त्यांना कुणी शिकवायला नको होती. धर्मापुरीहून लग्न होऊन आल्या तेव्हा जुन्या घरात त्यांच्या खोलीला असाच चिक होता आणि दोरी ओसरीत. सासरा तिथं बसून तंबाखू मळायचा आणि मनात येईल तेव्हा दोरी ओढायचा. सून केस विंचरतेय का लेकराला पाजतेय, कशाचा मुलाहिजा नाही. खाकरायचा, तेही चिक वर गेल्यावर. त्या दोरीवर चुना-तंबाखूचा काळा चिकट थर बसलेला. एकदा झाडताना तो सुंदरबाईंच्या हाताला लागला. राखेनं घासला, शिकेकाईनं घासला, तरी जेवताना घासाला तोच वास. म्हातारा मेला, ओसरी पडली, पण तो वास अजून नाकात होता.

त्या उठून सुनेच्या खोलीत गेल्या. संस्कृती खिडकीशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, चिक कितीही दाट लावा," ती म्हणाली. "मला व्हरांड्यात बघायची हौस नाही. फक्त दोरी आत द्या. मी कपडे बदलत असताना कुणी..."

"नगं सांगू. मला ठावं हाय," सुंदरबाई म्हणाल्या.

बाहेर आल्या तोवर अर्जुनराव गाडी काढून बैठकीला बीडला गेले होते.

"जाहेदा, चिक दोन कर. एक सूनबाईच्या खोलीला, दोरी गजातून आत घे. दुसरा आबाच्या खोलीला. त्याची दोरी व्हरांड्यात सोड."

"मावशी, आबा मला जित्ती ठेवायचे न्हाईत."

"कावून? नेम त्यांचाच हाय. अब्रूदाराची दोरी बाहीर. आन् या घरात सगळ्यात अब्रूदार कोण, सांग बरं?"

जाहेदानं पदर तोंडाला लावला आणि खिडकीचं माप घेतलं.

चिक लागले. अर्जुनराव दौऱ्यावरून उशिरा यायचे, झोपायचे, उठून जायचे. चिकाच्या दोरीकडे कोण बघतंय! मग एका सकाळी सत्कार निघाला. व्हरांडा माणसांनी भरला. अर्जुनराव आत तयार होत होते. सुंदरबाई चहा घेऊन बाहेर आल्या, तेवढ्यात सुग्रीव नावाचा कार्यकर्ता उठला. "आबा, गाडी आली!" म्हणाला आणि हाताशी लोंबणारी दोरी दिसली, म्हणून ओढली.

चिक सर्रकन वर गेला. आत आबा. अंगात भोकं पडलेलं बनियन, खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी, हातात ब्रश आणि कानशिलावरून गळ्यात उतरणारा काळा कलप. सुटलेलं पोट सगळ्या मंडळींच्या समोर. कुणीतरी फिसकन हसलं. सुंदरबाईंनाच ते बघवेना.

"खाली कर बे!" अर्जुनराव ओरडले. सुग्रीवचा हात दोरीवर तसाच गोठलेला. "कुण्या गाढवानं दोरी बाहीर लावली? अशी तर कुणीबी येऊन ओढंल की!"

"व्हय," सुंदरबाई म्हणाल्या. "तुमचे वडील ओढायचे."

अर्जुनरावांच्या हनुवटीवरून कलप बनियनवर ठिबकला.

सुंदरबाईंनी चहाचा ट्रे ठेवला, सुग्रीवच्या हातातून दोरी घेतली आणि चिक खाली सोडला. मग मोरीत जाऊन दोन्ही हात साबणानं धुतले.