शेवटच्या मुलाचे गुण

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे गुण चांगले की बेताचे, हे विचारायला लोक माझ्याकडे येत. मी साधा कचेरीतला कारकून. पण दरवर्षी यादी लागली की सायकल काढून कॉलेजात जायचं आणि सर्वांत शेवटी ज्याला प्रवेश मिळाला त्याचे गुण वहीत उतरवून आणायचे, ही माझी सवय. नऊ वर्षांचे आकडे जमले होते.

आलेला माणूसही मी बरोबर ओळखत असे. भरपूर गुण असले तर बाप आकडा सांगतो. बेताचे असले तर टक्के सांगतो. त्याहून कमी असले तर पेपर कठीण होता म्हणतो.

सन चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये सावनेरचे महादेवराव आले, सोबत त्यांची प्रेमलता. दोनशेपैकी एकशे अडतीस. गावात पेढे वाटून झाले होते.

"भैयाजी, खाप्याचं स्थळ आलं हाये," महादेवराव म्हणाले. "पोरगा ओव्हरसिअर. रविवारी जबाब द्या लागते. सीट भेटत असन तर मी नाही म्हणतो, पोरीले शिकवतो. नसन भेटत, तर असं स्थळ काहून सोडू?"

मी वही उघडली. मागच्या वर्षी यादी एकशे चव्वेचाळीसवर थांबली होती, आणि नऊ वर्षांत आकडा एकदाही खाली उतरला नव्हता.

"सहा कमी पडतात," मी म्हटलं.

"काका, औंदा फिजिक्सचा पेपर लय कठीण होता," प्रेमलता म्हणाली. "पोरं रडत बाहेर आली."

मी हसलो. "बेटा, या खुर्चीवर बसलेल्या कोणाचाच पेपर आजवर सोपा गेला नाही."

महादेवरावही हसले. पोरगी हसली नाही.

"ह्या वहीत मागच्या सालची पोरं हायेत, काका. माह्यासोबत तर औंदाची बसली होती."

मी वही मिटली आणि पुन्हा म्हटलं, "एकशे चव्वेचाळीस." दुसऱ्यांदा म्हटल्यावर ते जास्तच खरं वाटलं.

"तुमी खरं सांगतलं, बरं झालं," उठता उठता महादेवराव म्हणाले. "दुसऱ्यानं झुलवत ठेवलं असतं."

जूनच्या शेवटच्या मुहूर्तावर लग्न लागलं. पंगतीत मला आग्रह करकरून वाढलं. पोरीचं भलं केलेला माणूस मी.

जुलैत यादी लागली. मी नेहमीसारखा खालून वाचायला लागलो. शेवटचा आकडा एकशे चौतीस. खालून सातवं नाव प्रेमलतेचं.

रविवारी मी सावनेरची बस धरली. महादेवरावांच्या हाती कॉलेजचं पत्र आधीच पडलं होतं.

"खाप्याले जाऊन आलो," ते म्हणाले. "व्याही म्हणे, सून नांदाले आणली, होस्टेलात ठेवाले नाही. मी उठून आलो. पोरीच्या कानावर घातलंच नाही." मग त्यांनी विचारलं, "यादी कितीवर थांबली गा, भैयाजी?"

"एकशे चौतीस."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हंजे चार जास्त होते."

"हो."

"तिले सांगू का?"

महादेवराव माझ्या पिशवीकडे पाहत राहिले. वही तिच्यातच होती.