सातवी विहीर

मित्रांनो, मी झेरॉक्स मशीन. जुनी आहे, कबूल; पण नजर अजून शाबूत आहे. लातूरच्या एका ऑफिसात नऊ वर्षं राबले. मोडीत निघणार तेवढ्यात मुरुडच्या राजशेखरअप्पांनी मला घेतलं आणि कॉलेजसमोरच्या दुकानात आणून बसवलं. सुरुवातीला काय माझं कौतुक! पोरं म्हणायची, प्रत अगदी छापल्यासारखी. पुढं कुणाच्या तरी मार्करचा काळा ठिपका माझ्या काचेवर पडला, तो काही केल्या निघेना. प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्याजवळ तो उमटायचा आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं.

आता एक कबुली देते. चांगला प्रकल्प दुकानात आला की अप्पा गुपचूप एक प्रत जास्त काढायचे आणि ‘नमुना’ लिहिलेल्या फायलीत ठेवायचे. ज्याला काही सुचत नसेल त्याला ती द्यायचे. त्यांना वाटायचं, आपण पोरांवर उपकारच करतो. अकरावीतली सुकन्या आपल्या गावच्या विहिरींचा प्रकल्प घेऊन आली, तेव्हाही हेच झालं. दिवाळीच्या सुट्टीत पोरीनं एकेका विहिरीवर जाऊन, दोरीला दगड बांधून पाणी मोजलं होतं. नकाशावर सहा विहिरी, सहा काळे ठिपके. मूळ कागद आणि एक प्रत ती घेऊन गेली. दुसरी फायलीत गेली.

आठवड्यानं पोरांच्या तोंडून एक भानगड ऐकली. तिच्याच गावच्या शिवमनं तोच प्रकल्प तिच्याआधी कॉलेजात दिला होता, तोही मोत्यासारख्या अक्षरात. दोघंही म्हणत, माझाच खरा. प्रकल्प तपासणाऱ्या मंजुषा मॅडमनी बजावलं होतं की खरं कळलं नाही तर दोघांनाही शून्य. सुकन्या रडून रडून अर्धी झाली म्हणे.

दुसऱ्या दिवशी मॅडम दोघांना आणि दोन्ही नकाशे घेऊन थेट दुकानात! शिवमच्या नकाशात एक विहीर जास्त होती.

“ही सातवी कुठली रे?” मॅडमनी विचारलं.

“गुरुपादप्पांच्या मळ्यात, मॅडम. अडतीस फूट. पाणी लई गोड हाय.”

“तिथं विहीर न्हाई, मॅडम,” सुकन्या म्हणाली. “तिथं त्यांचा गोठा हाय.”

कॉलेजच्या प्रश्नपत्रिका मॅडम माझ्याकडूनच काढून न्यायच्या, त्यामुळं माझा डाग त्यांना चांगला ठाऊक. त्यांनी अप्पांना कोऱ्या कागदाची प्रत काढायला सांगितली. मित्रांनो, माझ्या अंगात काय संचारलं म्हणून सांगू! धडधडत कागद बाहेर टाकला. कोरा करकरीत, त्यावर एकच ठिपका. मॅडमनी तो शिवमच्या नकाशावर ठेवून उजेडाकडं धरला. ठिपका नेमका सातव्या विहिरीवर जाऊन बसला. अहो, मला तर नाचावंसं वाटलं! ज्या डागापायी इतकी वर्षं बोलणी खाल्ली, त्यानंच पोरीला तारलं.

शिवमची मान खाली गेली. फायलीतली प्रत खिडकीच्या काचेवर धरून जशीच्या तशी गिरवली, विहिरीवर गेलोच न्हाई, खोली मनानंच लिहिली, असं त्यानं कबूल केलं. अप्पा ओशाळले. म्हणाले, मीच दिली, मॅडम, पोरांचं काम सोपं करायला गेलो.

“काका, मला इचारायचं तरी,” सुकन्या म्हणाली. “कसं मोजायचं ते मीच दाखवलं असतं त्याला.”

अप्पांनी ती नमुन्याची फाईल तिथंच फाडली. सुकन्याचा प्रकल्प मंजूर झाला. शिवमला मॅडमनी आठ दिवस दिले आणि गावातले बोअर मोजून आणायला सांगितलं.

आठव्या दिवशी गडी आला तो उन्हानं रापलेला, पण तोंड थांबेना. चौदा बोअर, त्यातले नऊ कोरडे, हे त्यानं अप्पांना तीनदा सांगितलं. नकाशा काढायची रीत सुकन्याकडून शिकलो, असंही शेवटच्या पानावर लिहिलं होतं. मी खूश होऊन प्रत काढत होते, तेवढ्यात सुकन्या आली. आकडे बघून तिचे डोळे चमकले. तिनं विचारलं, हे मी माझ्या पुढच्या प्रकल्पात घेऊ का?

शिवमनं कागद छातीशी धरला. मग हळूच पुढं केला.

“घे की. पण खाली माझं नाव लिव्ह.”

मित्रांनो, दुसऱ्याचं खुशाल घ्या, पण असं विचारून घ्या आणि त्याचं नाव लिहायला विसरू नका. नुसती नक्कल काढायला मी आहेच.