कडेचे पैसे

नवऱ्याला बाईचा नाद असता तर पडदेवालीने चार दिवसांत त्याची खोड मोडली असती. बाटलीचा असता तरी निदान वाट माहीत होती. तिच्या थोरल्या बहिणीने त्याच वाटेवर आयुष्य काढलं होतं. पण आयपीसचा नाद लागलेल्या माणसाचं काय करायचं हे तिला आईने शिकवलं नव्हतं. शेजारणींना विचारावं, तर आयपीस म्हणजे काय ते समजावण्यातच दुपार निघून जायची. दुर्बिणीच्या ज्या टोकाला डोळा लावायचा, तिथे बसवायची ती बोटभर लांबीची काचेची नळी. काढता येते, बदलता येते. तेवढ्याशा नळीपायी घरातलं कपडे धुवायचं मशीन कित्येक महिने बंद पडून होतं आणि चादरी पिळून पिळून तिचे खांदे भरून आले होते.

पडद्यांच्या एका मोठ्या दुकानासाठी ती घरी बसून पडदे शिवायची, म्हणून सगळी गल्ली तिला पडदेवाली म्हणायची. नवरा शहरबसवर ड्रायव्हर. ब्रेक असा अलगद लावायचा की उभ्याने पेपर वाचणाऱ्याची ओळ चुकू नये. डेपोत त्याला सगळे लोणी म्हणत. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, ही गोष्ट तो स्वतःहून कधी सांगायचा नाही. पण दुसऱ्या कुणी काढली की मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, घर खायला उठलं, तेव्हा त्याने दुर्बीण आणली. पहिलं वर्ष मजेत गेलं. शनीभोवतीचं कडं पहिल्यांदा दिसलं तेव्हा पडदेवाली गच्चीवर एवढ्या मोठ्याने ओरडली की खालच्या मजल्यावरचे काका काठी घेऊन वर धावत आले. मग त्यांनीही पाहिलं, आणि काठी तिथेच विसरून गेले.

पुढे त्याची कुरकुर सुरू झाली. नीट दिसत नाही. शनी पुसल्यासारखा दिसतो. दुर्बिणीबरोबर जे दोन आयपीस फुकट मिळाले होते त्यांच्यावर त्याने सगळं खापर फोडलं. "फुकटातल्या काचेकडून आणखी काय होणार?" असं म्हणून बरा आयपीस आणला. चार दिवस तोंडभर कौतुक, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग त्याच्या तिप्पट किमतीचा. त्याचंही कौतुक आठवडाभर टिकलं.

"चंद्रावर जाऊन आलो असतो एवढ्या पैशांत," ती म्हणायची.

"तुला नाही कळायचं," तो म्हणायचा. "दुर्बीण कितीही चांगली असू दे, शेवटची काच रद्दी असली की सगळं पाण्यात."

तिने रागाने गच्चीवर जाणंच सोडलं. एकदा तर त्याने तिच्या कामालाच नाव ठेवलं. एक डोळा मिटून पडद्याच्या किनारीकडे बघत म्हणाला, "ही टीप वाकडी गेलीय." जन्मभर सरळ टीप मारलेल्या बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पट्टी लावून दाखवली. टीप सरळच होती. त्याने खांदे उडवले आणि दोघंही ते विसरून गेले.

मग एके दिवशी तो म्हणाला की दुकानात आणखी एक आयपीस आलाय, त्याच्यापुढे बाकीचे सगळे खेळणी आहेत. किंमत ऐकून तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"मीही येते," ती म्हणाली. "बघू दे तरी मला तो महाभाग."

दुर्बीणवाल्याचं दुकान एका अरुंद रस्त्यावर होतं. तिने मनात एक गुळगुळीत, लबाड माणूस उभा केला होता. प्रत्यक्षात निघाला कोपरावर विरलेला स्वेटर घातलेला, फडक्याने काचा पुसत बसलेला पन्नाशीचा गृहस्थ. त्याने स्टूल पुढे सरकवलं. ती बसली नाही.

"किती काचा खपवणार आहात आमच्या गळ्यात?" तिने उभ्यानेच सुरुवात केली. "दोन घेतल्या, दोन्ही खराब. आता तिसरी?"

"खराब?" त्याचा चेहरा उतरला. "साहेब, तुम्ही तर म्हणालात आणखी चांगला हवा. खराब आहे असं कुठे म्हणालात? काय खराब दिसतं?"

"शनी पुसट दिसतो. मध्येच डाग आल्यासारखा," नवरा म्हणाला.

"मध्ये? की कडेला?"

"कडेला झकास आहे. मध्ये बघायला गेलं की नाही दिसत."

दुर्बीणवाल्याने फडकं खाली ठेवलं. आता तो तिच्याकडे वळून बोलू लागला, बहुधा तिला राग आला होता म्हणून.

"वहिनी, खरं सांगतो, धंद्याचं नुकसान करून सांगतो. स्वस्त आयपीस मार खातो तो कडेला. कडेचे तारे शेपटी फुटल्यासारखे दिसतात, बघायला जागा कमी मिळते, चष्मा लावून बघता येत नाही. पैसे मोजायचे ते त्यासाठी. सगळे कडेचे पैसे. मधोमध तर ते फुकटातले आयपीससुद्धा छान दाखवतात. मध्ये खराब दाखवणारा आयपीस मी तरी अजून विकलेला नाही."

"मग मी खोटं बोलतोय?" नवरा तडकला.

"तसं नाही म्हणालो. या इकडे."

दाराशी एक दुर्बीण तिपाईवर उभी होती. रस्त्याच्या पार टोकाला, घरांच्या वर, पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर रंगाने आकडा लिहिलेला होता. दुर्बीणवाल्याने तिकडे नेम धरला, नवऱ्याने बरोबर आणलेला महागडा आयपीस त्यात बसवला आणि त्याला वाकायला लावलं. नेहमीसारखा उजवा डोळा.

"आकडा दिसतो?"

"आकड्यावर डाग आहे. सांगतोय ना मघापासून!"

"डोळा हलवू नका. मी आता आयपीस जागच्या जागी फिरवतो. डाग काचेत असेल तर काचेबरोबर फिरेल." त्याने नळी सावकाश गोल फिरवली. "फिरला?"

"नाही. तिथेच आहे."

त्याने ती नळी काढून कपाटातली सगळ्यात स्वस्त बसवली. डाग तिथेच होता. मग त्याने दुर्बीणच बदलली. तरीही डाग तिथेच.

"आता डावा डोळा लावा," दुर्बीणवाला हळूच म्हणाला.

नवऱ्याने मान वळवली, डावा डोळा लावला आणि त्याचा चेहरा फुलला. "अहाहा! हे बघा, आता कसं! चार हजार बारा. आकड्याखालचा गंजसुद्धा दिसतोय. अगं, ये, बघ तरी!" तो हसत हसत सरळ झाला. समोरची दोघं हसत नव्हती. त्यांच्याकडे पाहता पाहता त्याचं हसू विरलं.

पडदेवाली मघाच्या त्या स्टुलावर बसली. एकदा जरी गच्चीवर जाऊन तिने त्या नळीला डोळा लावला असता, तरी तिला कळलं असतं की काच स्वच्छ आहे. पण ती मशीन आणि चादरी घेऊन बसली होती. स्वतःची तिला शिसारी आली.

"दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं उणं दुसरा झाकून नेतो," दुर्बीणवाला सांगत होता. "एकाच डोळ्याने बघायची वेळ माणसावर दुर्बिणीशिवाय येतेच कुठे? उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. काही दुखण्यांत वेळेवर इंजेक्शनं मिळाली तर आहे तेवढं वाचतं. तुमचे दोन्ही आयपीस मी परत घेतो. मीच आधी विचारायला हवं होतं की कुठे दिसत नाही." मग त्याने विचारलं, "काम काय करता आपण?"

"ऑफिसात असतो," नवरा म्हणाला. "टेबलाचं काम."

इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. आज तो बोलला, आणि जराही हिसका न बसता बोलला.

रस्त्यावर आल्यावर तिने त्याची बाही धरली. "उद्या डॉक्टर."

"रजा मिळू दे."

"रजा टाका."

"डॉक्टरकडे गेलं की कागद होतो," तो दबक्या आवाजात म्हणाला. "कागद डेपोत गेला की मी खाली उतरलो. मग करू काय? तुझ्या पडद्यांना कड्या लावत बसू? डावा आहे की ठणठणीत. लोक एका डोळ्याने काय काय करतात."

रजा काही मिळाली नाही. आज जोडीदार आजारी, उद्या गाड्या कमी, परवा साहेब नवीन. ती विनवायची, चिडायची, अबोला धरायची. तो मूग गिळून जेवायचा आणि पाठ फिरवून झोपायचा. दुर्बिणीवर त्याने जुनी चादर टाकली आणि गच्चीवर जाणं बंद केलं. तिला वाटलं, धसका घेतला. तिला त्याची दया यायची, आणि दया आली की तिच्याने बोलवत नसे. असे आठवड्यांमागून आठवडे गेले.

शेवटी एका सकाळी ती त्याला न सांगता त्याच्याच बसमध्ये चढली. दोन थांबे पुढे चालत जाऊन, गर्दीच्या आडून, मागच्या दाराने. बस भरलेली होती. तिच्या शेजारी एक बाई मांडीवरच्या बाळाला खिडकीतून रस्ता दाखवत होती. गाडी चालली होती लोण्यासारखीच. पडदेवालीला बरं वाटू लागलं. उगाच आपण जीव टांगणीला लावून घेतला, असंही वाटलं.

चौकात गाडी थांबली नाही.

"लाल! अहो, लाल आहे!" पुढे उभा असलेला कंडक्टर ओरडला. करकचून ब्रेक लागला. उभी माणसं एकमेकांवर आदळली, बाळाचं डोकं पुढच्या दांडीवर आपटलं आणि ते कळवळून रडू लागलं. गाडीच्या नाकासमोर, हातभर अंतरावर, एक म्हातारा पिशवी छातीशी धरून उभा होता. त्याला पळायचंही सुचलं नव्हतं.

"काय लोणी, झोप झाली नाही वाटतं!" कंडक्टर हसण्यावारी नेत म्हणाला. पण पुढच्या प्रत्येक सिग्नलला तो "हिरवा", "लाल" असं पुटपुटत होता. हे तो आज पहिल्यांदाच करत नव्हता, हे तिला स्पष्ट कळलं. तिला कळत नव्हतं ते एवढंच, की डावा डोळा धडधाकट असताना सिग्नल दिसला कसा नाही.

पुढच्या थांब्यावर उतरून ती सरळ डेपोत गेली. अधिकाऱ्याच्या टेबलासमोर ती उभी राहिली. मग तिने गाडीचा नंबर सांगितला, ड्रायव्हरच्या उजव्या डोळ्याला दिसत नाही म्हणून सांगितलं. तक्रार कुणाची म्हणून लिहू, असं त्याने विचारलं. "प्रवासी म्हणून लिहा," ती म्हणाली. घरी येऊन तिने शिलाई मशीनवर बसायचा प्रयत्न केला, पण दोरा सुईत जाईना.

दोन दिवसांनी नवरा भर दुपारी घरी आला. गणवेशाचा शर्ट काढून त्याने खुर्चीच्या पाठीवर नीट घातला, जणू उद्या पुन्हा लागणार होता.

"उतरवलं," तो म्हणाला. "कुणीतरी चहाडी केली. डेपोच्या डॉक्टरने उजव्यात लाइट मारून पाहिलं आणि संपलं." मग त्याचा आवाज चढला. "त्या दुर्बीणवाल्याशिवाय कुणाला माहीत होतं? आत्ता तिथूनच येतोय. चार गिऱ्हाइकांसमोर त्याची अशी काढली की बस्स! आयपीस त्याच्या अंगावर फेकून आलो. उलटून बोलला नाही. चूक माझीच, म्हणाला. म्हणजे त्यानेच केलं."

तो स्वेटरवाला माणूस चार लोकांत मान खाली घालून उभा असलेला तिला दिसला. नवरा ऑफिसात टेबलाचं काम करतो, एवढंच त्या बिचाऱ्याला ठाऊक होतं. गप्प बसणं सोपं होतं, फार सोपं होतं.

"त्याने नाही केली," ती म्हणाली. "मी गेले होते डेपोत. परवा तुमच्या बसमध्ये होते मी."

तो आता हात उगारेल, निदान ताट तरी भिरकावेल, असं तिला वाटलं. त्यापेक्षा वाईट म्हणजे तो घर सोडून जाईल असं वाटलं. तो काहीच करेना. तिच्यासमोर खाली जमिनीवर बसला आणि तिच्याकडे बघू लागला, डोकं जरा तिरकं करून, तिच्या चेहऱ्याकडे नाही तर कानाच्या थोडं पलीकडे.

"काय सांगितलंस?" त्याने विचारलं. "उजव्याचंच सांगितलंस ना?"

"उजव्याचंच."

"मग ठीक." त्याने मोठा श्वास सोडला. "तिकिटांच्या खिडकीवर बसवणार आहेत मला. डाव्याचं कुणाला कळू देऊ नकोस."

"डाव्याचं काय?"

"त्यात लाइट मारून नाही बघितलं त्यांनी. नुसता दरवर्षीचाच अक्षरांचा तक्ता वाचायला लावला." तो कसनुसा हसला. "तो तक्ता मला पाठ आहे."