चौघांच्या तिकिटावर पाचजण

ठरलं ते असं: रविवारी मत्स्यालय बघायला जायचं. जाणं-येणं बसने, कारण बाप कंडक्टर आणि कंडक्टरच्या घरच्यांना पास. खाणं घरचं. ब्रेड, उकडलेली अंडी, सफरचंदं. तिकीट फॅमिलीचं, त्यावर कुणीही चौघं जाऊ शकतात. बाप, आई, मुलगा, मुलगी. हिशेब असा चोख बसला, की कुणाला वर मान करून बघायची गरजच पडली नाही.

घरात पाचजण राहतात.

पाचवी म्हणजे कंडक्टरची मोठी बहीण. मुलांची आत्या. कंडक्टर तिला ताई म्हणतो, बायको वन्सं म्हणते. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनमागे ती. आई कारखान्यात आणि बाप बसवर असताना दोन्ही पोरं तिच्याच मशीनच्या पायडलापाशी रांगली, उभी राहिली, शाळेला लागली.

झालं ते असं: ताईनेच विषय मिटवला. म्हणाली, "मी मासे बघून काय करू? आणि मासे तरी मला बघून काय करणारेत?" सगळे हसले. जरा जास्तच हसले. मग तिने चौघांचे रविवारचे कपडे इस्त्री केले आणि खाटेवर चार घड्या ओळीने मांडून ठेवल्या. कंडक्टर जेवायला बसला होता. समोर त्या चार घड्या.

"वन्संचं वेगळं तिकीट काढूया की," बायको हळूच म्हणाली.

"एकट्याचं तिकीट म्हणजे आपल्या चौघांच्या निम्म्याहून जास्त. मग महिनाभर अंडीच खायची का?"

"मग तू राहा घरी."

"पास माझ्या नावाचा आहे. मी घरी आणि तुम्ही पायी?"

बायकोने ताट उचललं. त्याचं जेवण व्हायचं होतं.

*

पुन्हा ठरलं ते असं:

मत्स्यालयाच्या दारात एक लाकडी मासा शेपटीवर उभा केलेला आहे. ज्या मुलाचं डोकं माशाच्या डोळ्याच्या खाली राहील, ते फुकट. मुलगी गेल्या वर्षी खाली होती. यंदा दोन बोटं वर असेल. दोन बोटं म्हणजे काही विशेष नाही. मुलगी फुकटात जाईल, तिची जागा रिकामी होईल, त्या जागेवर ताई. कुणाचं काही जाणार नाही.

(कुणाचं काही जाणार नाही, हे वाक्य कंडक्टर दिवसातून निदान एकदा ऐकतो. त्याच्या बसच्या खांबालाही अशीच खूण आहे. खुणेच्या वर पूर्ण तिकीट, खाली अर्धं. पोराला चेपून उभं करणारे आईबाप त्याला दुरून ओळखू येतात, आणि त्यांच्या गोष्टी तो घरी जेवताना रंगवून सांगतो. "आज एक जण मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागत होता! मी म्हटलं, साहेब, आधी त्याची दाढी करून आणा, मग बघू." यावर मुलगी दरवेळी हसून हसून आडवी होते.)

तालीम स्वयंपाकघरात झाली. दाराच्या चौकटीवर खडूची रेघ.

"मान नाही वाकवायची," कंडक्टर म्हणाला. "मान वाकवणारे पहिल्या फटक्यात सापडतात. खांदेही नाही पाडायचे. फक्त गुडघे. तेही थोडेच. आणि समोरच्या माणसाकडे बघायचं, जमिनीकडे नाही."

"असं?"

"अजून थोडी. हां. आणि हसायचं नाही."

ती हसली.

"बाबा," मुलगा म्हणाला, "तू तर असल्या लोकांना खाली उतरवतोस ना?"

"तू अभ्यास कर."

मुलीने लगेच काम मनावर घेतलं. दोन दिवस ती चौकटीखालून गुडघे वाकवूनच ये-जा करत होती. कशासाठी, ते बापाने तिला सांगितलं होतं: आत्याला आत न्यायचंय. आणि कुणाला सांगायचं नाही, तेही सांगितलं होतं.

राहिला प्रश्न वाकलेल्या गुडघ्यांचा. ते झाकायला हवेत.

"ताई, हिला एक लांब फ्रॉक शिव ना. घोट्यापर्यंत."

"घोट्यापर्यंत? पोरीला शिवायचा की खिडकीला?"

"वाढत्या अंगाची आहे, म्हणून म्हटलं."

"वाढत्या अंगाची म्हणून आत माया सोडतात रे. फरशी पुसायला नाही सोडत." पण तिने शिवला. निळा, उरलेल्या कापडाचा, दोन्ही बाजूंना खिसे. टाचणी दातात धरून तिने खालची घेराची पट्टी हाताने घातली, आणि ती घालत असतानाच कंडक्टरने तिला सांगून टाकलं, "तूही चल रविवारी. जास्तीचं तिकीट मिळालंय. डेपोतल्या साहेबांनी दिलं."

तिने टाचणी तोंडातून काढली. "मला?"

"तुलाच म्हणाले. ताईंना घेऊन जा म्हणाले."

हे शेवटचं वाक्य ठरलेलं नव्हतं. ते आपसूक आलं, आणि तेच तिने जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. "माझ्या भावाच्या साहेबांनी माझी आठवण काढली हो!" कंडक्टर जिना उतरताना हल्ली घाईत असायचा.

*

झालं ते असं.

दाराशी टोपीवाला माणूस होता. कंडक्टरच्याच वयाचा, दिवसभर उभं राहून पाय जड झालेला. हे कंडक्टरला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलं. मुलगी माशाला पाठ लावून उभी राहिली. गुडघे बेताचे, मान सरळ, नजर समोर. अगदी शिकवलं तसं. डोकं डोळ्याच्या खाली.

टोपीवाल्याने आधी तिच्या डोक्याकडे पाहिलं. मग फ्रॉककडे. फ्रॉक फरशीवर चुरगळून जमा झाला होता. मग त्याने कंडक्टरकडे पाहिलं.

ती नजर कंडक्टरच्या ओळखीची होती. ती तो स्वतः वापरत असे, क्वचित, एखाद्या फारच थकलेल्या आईसाठी. कळलंय मला, पण जा.

"चल गं बुटके," टोपीवाला म्हणाला.

पकडलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, नियम विचारता आले असते. आता नुसतं आत जायचं होतं.

आत अंधार, निळा उजेड, काचेला नाकं लावलेली माणसं. ताई पहिल्याच टाकीपाशी थांबली ती हलेचना. एक चपटा मासा वाळूत अंग घुसवून बसला होता, फक्त डोळे वर. "हा बघ, वहिनी, दुपारी जेवून पडलेला तुझा नवरा!" बायको खळखळून हसली. कंडक्टरही हसला, आणि क्षणभर त्याला वाटलं, झालं ते बरंच झालं.

मग त्याने मुलीकडे पाहिलं. ती अजून वाकलेली होती.

"आता राहा सरळ," तो तिच्या कानात म्हणाला.

"तिथे पण टोपीवाले काका आहेत." खरंच होते. प्रत्येक दालनाच्या तोंडाशी एक. "ते बघतील ना."

"ते नाही बघत."

"तूच म्हणालास, बघतात."

ती तशीच पुढे गेली, बदकासारखी. टाक्या उंचावर होत्या. वाकून तिला मासे दिसत नव्हते, टाकीखालची पाटी दिसत होती. ती पाट्या वाचत चालली होती.

ताईचं लक्ष गेलंच. "काय गं, पाय दुखतो? चप्पल चावते का?" तिने फ्रॉक घोट्याशी धरून जरा वर केला. गुडघे वाकलेले, पोटऱ्या थरथरत होत्या. "अगं, अशी का उभी आहेस?"

कुणाला सांगायचं नव्हतं. पण आत्या म्हणजे काही कुणी नव्हे.

"तू आत यावीस म्हणून," मुलगी म्हणाली.

*

यानंतरचं काहीच ठरलेलं नव्हतं.

ताईने फ्रॉक खाली सोडला. हाताने घेर सारखा केला. मग मुलीचा हात धरून, आलेल्या वाटेने परत दारापर्यंत गेली. कंडक्टर मागून, "ताई, अगं ताई," करत.

"हिला मापा," ती टोपीवाल्याला म्हणाली.

"बाई, मी काही बोललो का?"

"नाही बोललात. मापा." आणि मुलीला, "सरळ हो. पूर्ण."

मुलीने आधी बापाकडे पाहिलं. मग ती हळूहळू उभी राहिली, आणि तिचं डोकं लाकडी डोळ्याच्या वर निघालं. दोन नाही, चांगली चार बोटं. बापाने मोजण्यातही सवलत घेतली होती.

"ही चौथी," ताई म्हणाली. "मी जाते बाहेर."

"ताई, मी थांबतो बाहेर. तू जा आत. शपथ आहे तुला."

"शपथा घालू नकोस." ती दाराच्या बाहेर गेली होती, तो आत होता. "मला विचारायचं होतंस रे. मशीनवर बसून चार पैसे मीही मिळवते, काढलं असतं माझं तिकीट. नाहीतर नसते आले. पण साहेबांनी आठवण काढली म्हणालास."

"तुला बरं वाटावं म्हणून..."

"बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "साऱ्या जिन्याला सांगितलं मी."

ताई रस्त्यापलीकडच्या बाकाकडे चालू लागली. तो एक पाऊल बाहेर, एक आत, असा उभा राहिला. मागे लोक खोळंबले.

"दारात उभं राहू नका, साहेब," टोपीवाला म्हणाला. अगदी हळू, आपल्या माणसाला म्हणावं तसं.

बाकावर ताईने त्याच्याकडे पाठ करून पर्स मांडीवर घेतली. तो गेला असता तर तिने त्याला जागा दिली असती, हे त्याला माहीत होतं. तेवढ्यासाठीच त्याचा पाय उचलला नाही. तो आत वळला.

मुलगी माशाजवळच उभी होती.

"बाबा, माझं चुकलं का? मध्येच सरळ झाले का मी? म्हणून आत्याला बाहेर काढलं?"

"नाही गं. तू अगदी बरोबर केलंस."

बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं, आपण काय बोललो ते. मुलीचा चेहरा खुलला. शाबासकी मिळाली म्हणून तिने पुन्हा करून दाखवलं. गुडघे बेताचे, मान सरळ, नजर समोर.

त्याने तिला काखेत हात घालून एकदम उचललं. ती जड झाली होती, त्याची कंबर चमकली. निळा फ्रॉक त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होता.

"सोड ना, बाबा! मोठी झालेय मी आता!" ती जोरात म्हणाली.

आणि त्याने, तिला तसंच अधांतरी धरून, आधी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं की काय.