सुपातलं गाणं

“लिहून काहून ठेवतं वं? गाणं का पळून जाते?”

सातव्या वर्षी, पाटीवर आईच्या गाण्याचे शब्द गिरवताना ऐकलेला तिचा हसरा आवाज प्रेमिलाच्या कानात उठला. आणि समोर मराठीच्या मोहरील सरांनी सायकल कडुनिंबाला टेकवली. इंदोरा वस्तीतल्या त्या अंगणात बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत होत्या. प्रेमिला दाराआड सरकली, पण सरांनी तिला पाहिलंच.

“आठ दिवस वर्गात नाहीस. बरं नव्हतं का?”

“डोकं दुखत होतं, सर.”

“बसा जी.” तिच्या आईनं, जयवंतानं, हात पदराला पुसून बाज पुढं ओढली. “पास झाली ना जी पोरगी? मराठीपायीच अडली होती.”

बी.एस्सी.च्या पोरांनाही पहिल्या वर्षी मराठी सक्तीची होती. रसायनात पहिली येणारी प्रेमिला सहामाहीला तिथंच नापास झाली. पुन्हा तसं झालं तर पुढचा वर्ग बंद. सरांनी वाट काढून दिली होती: स्वतः रचलेली एक कविता आण, तिचे गुण धरीन. तीन दिवस वही कोरी राहिली. चौथ्या दिवशी भरली.

“पास काय, वीसपैकी अठरा!” सर म्हणाले. “कॉलेजच्या वार्षिक अंकात छापतोय. ऐका.”

चष्मा सावरून त्यांनी वाचलं:

“लेक गेली कालेजाले, मागं उंबरा निजला,
तिच्या पावलांचा नाद माह्या सुपात वाजला.”

पानं कातरणाऱ्या कात्र्या एकेक करून थांबल्या.

“अवं जयवंते,” शेजारची रंभाबाई म्हणाली, “हे त तुह्यं...”

“रंभाबाई, सरायले पाणी आना.”

जयवंतानं रंभाबाईकडं न पाहताच तिचं बोलणं तोडलं.

“तुम्ही ऐकलं होतं का हे, आई?” सरांनी विचारलं.

“नाही जी.” तिची बोटं तेंदूच्या पानावर फिरत राहिली. “पयल्यांदाच ऐकून राहिली. चांगलं लिवलं माह्या पोरीनं.”

“हो जी, लय चांगलं,” रंभाबाईनं लोटा जरा आपटूनच ठेवला. “आमी अंगठेवाल्या, आमाले का समजते? पन कानाले रोजच गोड लागते.”

कुणीतरी पदरात हसलं. सरांना त्यातलं काही कळलं नाही. ते रंगात आले होते.

“एकोणीस वर्षांची मुलगी आईच्या मनात शिरून लिहिते, ही सोपी गोष्ट नाही, आई. हे शब्द तिला कुठं सापडले, तिचं तिलाच ठाऊक!”

“तिलेच ठाऊक,” जयवंता म्हणाली. तिनं पान वळलं, दोरा गुंडाळला, विडी सुपात ठेवली.

प्रेमिलानं दाराआडून पाहिलं. विडीत तंबाखू नव्हती. आईनं दुसरं पान उचललं, तेही तसंच रिकामं वळलं, आणि दोरा मात्र घट्ट आवळला. प्रेमिलाला आठवतं तेव्हापासून त्या हातानं पोकळ विडी कधी वळली नव्हती. कारखान्याचा माणूस माल तपासायला बसला की इतरांच्या खराब विड्या फेकायचा, जयवंताच्या नाही.

“तर मी निघतो,” सर उठले. “उद्या कागद छापखान्यात जाईल. प्रेमिला, नाव पूर्ण घालायचं ना?”

ती बाहेर आली. तापलेल्या अंगणात अनवाणी उभी राहिली. मान वर होईना. सरांशी बोलताना जपून वापरायची ती भाषा ओठांवर यायला हवी होती. ती आली नाही.

“माह्यं नाव नका घालू, सर.”

“चूप वं,” जयवंता हलकेच म्हणाली. “पुढचा वर्ग...”

“मी कोनाच्या मनात नाही शिरली,” प्रेमिला म्हणाली. “माय रोज गाते हे, सुपापाशी बसून. मी दाराआडून उतरवून घेतलं, अन् तिले न सांगता खाली माह्यं नाव टाकलं.”