आभारातले नाव

“आभारात तुझं नाव सगळ्यात वर घातलंय, रुफी,” डॉक्टर एचार्त म्हणाले आणि त्यांनी येर्बाच्या चहाचा पेला तिच्यापुढे केला.

रुफिना लेदेस्माने पेला घेतला नाही. प्रयोगशाळेतला पंखा तुकुमान शहराची गरम हवा इकडची तिकडे करत होता. तिने सावकाश विचारले, “आणि लेखावर?”

लेखावर पहिले नाव फाकुंदोचे होते. फाकुंदो म्हणजे डॉक्टरांचा जावई. रुफिनाने वाढवलेले एका प्रथिनाचे स्फटिक घेऊन तो ब्राझीलच्या केंद्रात गेला, तिथे त्यांच्यावर क्ष-किरण सोडले आणि आकडे घेऊन परत आला, एवढेच त्याचे काम. शेवटचे नाव, प्रमुख म्हणून, डॉक्टरांचे. मधे कोण कोण होते, ज्यांनी ते स्फटिक डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. रुफिना कुठेच नव्हती.

“त्याला बार्सिलोनात जागा मिळायची आहे,” डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. “पहिलं नाव असल्याशिवाय तिथे दारातही उभं करत नाहीत. तुला काय, तुझी नोकरी पक्की. ना नवरा, ना पोरं. नाव घेऊन तुला करायचंय काय?”

तिने पाठ फिरवली आणि ती आपल्या टेबलाकडे गेली.

ते प्रथिन चागास रोगाच्या परजीवीचे होते. मातीच्या घरांच्या भेगांत राहणारा किडा अंधारात छपरावरून उतरतो, झोपलेल्याला चावतो, आणि त्याच्यासोबत आलेला परजीवी रक्तात शिरून अर्धे आयुष्य गप्प बसतो. मग एक दिवस हृदय फुगते आणि थांबते. रुफिना अन्यातुया गावाजवळच्या अशाच एका घरात जन्मली. ती विद्यापीठात शिकत असताना तिची आई भर दुपारी विहिरीवर पाणी काढता काढता खाली बसली, ती उठलीच नाही.

परजीवीला मारणारे औषध घडवायचे तर त्याचे हे प्रथिन कसे दिसते, त्यात खाच कुठे आहे, ते आधी कळायला हवे. ते कळण्यासाठी त्याचे स्फटिक व्हायला हवेत. आणि हे प्रथिन काही केल्या स्फटिक धरत नव्हते. कधी नुसता गाळ, कधी मिठाच्या खोट्या सुया. एचार्तनीच तिला सांगितले होते की हे गाढव आहे, सोड त्याला, दुसरे काही घे. तिने सोडले नाही. तिच्या बरोबरीच्या बायकांची मुले शाळेतून बाहेर पडली, तरी ही रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून थेंब तपासत होती. शेवटी तिच्या मनात आले की प्रथिनाच्या टोकाला लोंबणारे शेपूटच त्याचे कण एकमेकांशी नीट जुळू देत नसेल. डॉक्टर हसले. तिने शेपूट छाटून पाहिले. काही आठवड्यांनी एका थेंबात तासलेल्या कडांचे इवलेसे स्फटिक चमकत होते. तेव्हा डॉक्टरांनी तिला मिठी मारून “आपण जिंकलो” म्हटले होते. त्यातल्या ‘आपण’मध्ये ती नाही, हे तिला आज कळत होते.

शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या विल्माने तिला जेवणाच्या वेळी बाजूला घेतले. “गप्प बस बाई. पुढच्या लेखात घालतील तुला. त्यांच्याशी वाकडं घेऊन इथे कोण टिकलंय?”

रुफिना गप्प बसली. औषध तर होईल, असे तिने स्वतःला समजावले. घास कडू होता, पण गिळला.

लेख छापून आला तसा विद्यापीठाने मोठ्या सभागृहात समारंभ ठेवला. कुलगुरू आले, वर्तमानपत्रवाले आले, प्रथिनाची निळी-तांबडी प्रतिकृती फुलांच्या शेजारी मांडली गेली. डॉक्टर छान बोलले. मग त्यांनी प्रेक्षकांकडे पाहून हाक मारली, “रुफी, वर ये जरा.”

ती उठली. एक क्षण तिला वाटले, आता तरी सांगतील.

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “ही आमची रुफिना. मातीच्या झोपडीत जन्मली. हिची आई याच रोगानं गेली. अशा गरीब बायांसाठी फाकुंदोनं आणि मी रात्रीचा दिवस केला.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे टिपले. आईची गोष्ट तिने आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती. हेच प्रथिन का, असे डॉक्टरांनी एकदा विचारले होते, म्हणून. त्यांनी ती जपून ठेवली होती आणि आज भर सभेत वापरली होती.

तिने खांद्यावरचा हात काढला आणि ध्वनिक्षेपकापाशी गेली.

“माझ्या आईचं नाव एउलोहिया होतं. डॉक्टरांनी ते सांगितलं नाही, कारण त्यांना ते माहीत नाही. हे स्फटिक मी वाढवले. शेपूट छाटायचं मला सुचलं, तेव्हा हे हसले होते. लेखावर माझं नाव नाही. ते मी गिळलं.” तिला श्वास घ्यावा लागला. “माझं काम घेतलंत, डॉक्टर. माझी आई घ्यायची नाही.”

ती पायऱ्या उतरून खाली आली. कुणी टाळी वाजवली नाही. कुलगुरू खोकले, आणि एम्पनादांची, म्हणजे खाऱ्या करंज्यांची, तबके वेळेआधीच बाहेर आली. विल्मा हातातल्या बशीकडे बघत राहिली.

डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. याचाच रुफिनाला सर्वांत जास्त संताप आला. बिचारी दमलीय, आईच्या आठवणीनं हळवी झालीय, असे ते भेटेल त्याला सांगत राहिले, आणि लोक माना डोलावत राहिले. चौकशीला समिती बसली. सगळ्या प्रयोगशाळेचे ते एकत्रित काम आहे आणि बाकी सगळा वैयक्तिक गैरसमज, असा निकाल देऊन ती उठली. रुफिनाकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली गेली, मन शांत होईपर्यंत म्हणून. तिला तळमजल्यावर पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिके दिली. फाकुंदो बार्सिलोनाला गेला. लेख जसाच्या तसा राहिला. औषध बनवणारे आता एचार्तना पत्रे पाठवत होते.

एकदा विल्मा खाली आली. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने विचारलेच, “काय मिळवलंस गं एवढं करून?”

“काही नाही,” रुफिना म्हणाली. “पण डॉक्टर आता भाषणात माझ्या आईला आणत नाहीत.”

पहिल्या वर्षाला अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाचे स्फटिक करायला शिकवतात. ते सोपे काम, कुणालाही जमते. तरीही एका सकाळी मागच्या टेबलावरची लाजरी मुलगी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढायला तयार होईना.

“बाई, आलेत,” ती हळूच म्हणाली.

रुफिनाने वाकून पाहिले. खरेच आले होते, स्वच्छ, धारदार कडांचे. बाकीची मुले बघायला उठली, एकाने स्फटिकांच्या ताटलीकडे हात नेला. रुफिनाने तो अडवला आणि मुलीच्या हातात पेन दिले.

“आधी ताटलीवर नाव लिही.”

मुलीने घाईघाईत दोन अक्षरे लिहिली.

“पूर्ण. आडनावासकट.”

मुलीने लिहिले. शाई वाळेपर्यंत रुफिनाने ती ताटली कुणाला उचलू दिली नाही.