बिनतारी फोनला एकच तारा

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी फोन आहे. दारातून आत आले की डाव्या हाताला चपलांचे कपाट लागते, त्याच्यावर माझी बैठक आहे. त्या बैठकीच्या पोटात निरोप साठवायचे यंत्र आहे. घरात कोणी नसले की मी फोन घेतो, समोरच्याचे बोलणे जपून ठेवतो आणि घरचे परत आले की जसेच्या तसे ऐकवतो. माझे काम एवढेच. तरीही मला विकणाऱ्या दुकानाच्या संकेतस्थळावर, जिथे गिऱ्हाइके आपापली मते लिहितात, तिथे माझ्या नावापुढे या घराने एकच तारा ठेवला. तुम्ही म्हणाल, बिनतारी फोनला एक तरी तारा मिळाला हे काय थोडे झाले! हसा, हरकत नाही. पण तो कसा मिळाला ते आधी ऐका.

कारखान्यात माझे फार चांगले चालले होते. एका लांबलचक टेबलाच्या शेवटी एक तपासनीस बाई बसायच्या. प्रत्येक फोन हातात घेऊन त्या विचारायच्या, "एक, दोन, तीन. काय रे, ऐकू येतंय ना?" मग आपलाच आवाज परत ऐकायच्या आणि पाठीवर 'तपासले' अशी चिठ्ठी चिकटवायच्या. माझ्या वेळी त्यांनी मान हलवली आणि शेजारणीला म्हणाल्या, "याचा आवाज बघ किती मोकळा आहे." इतके स्पष्ट कौतुक माझ्या वाट्याला पुढे फारसे आले नाही.

मला आणले ते एका नळवाल्यांच्या घरी. घरात तीन माणसे. बाबा नळकाम करायचे. पाण्याच्या टाकीपासून गळक्या नळापर्यंत सगळे. आईंचे गुडघे धरलेले. जुना फोन वाजला की त्या उठेपर्यंत तो थांबायचा. आणि ताई, त्यांची लेक, वाचनालयात फाटकी पुस्तके दुरुस्त करण्याचे काम करायची. बाबांचा खिशातला मोबाइल दोनदा पाण्यात पडला, तेव्हापासून त्यांनी तो बाळगणेच सोडले होते. गिऱ्हाइके घरच्या नंबरावरच फोन करत. म्हणून मी आलो. माझे हातात धरायचे हातफोन दोन, एक कपाटावर, दुसरा आईंच्या खुर्चीपाशी.

पहिल्याच दिवशी बाबांनी माझ्यात निरोप भरला. यंत्राला ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही अशी त्यांची समजूत होती. "मी नळवाला बोलतोय! घरी नाहीये! काय झालंय ते सांगा, पत्ता सांगा! पाणी वाहत असेल तर आधी मुख्य चावी बंद करा!" पुढची कितीतरी वर्षे फोन करणारा प्रत्येक माणूस आधी दचकायचा आणि मग बोलायचा.

माझ्याबरोबर एक माहितीपुस्तिका होती. अकरा भाषा, आणि अक्षर मुंगीएवढे. बाबांनी ती उघडली, चष्मा वर केला, खाली केला आणि कपाटाच्या हलणाऱ्या पायाखाली घातली. कपाट हलायचे थांबले. माझे दुर्दैव तिथून सुरू झाले.

कारण त्या पुस्तिकेत लिहिले होते की माझ्या पोटात फक्त पंधरा मिनिटांचे बोलणे मावते. जुने निरोप पुसावे लागतात. जागा संपत आली की बैठकीवरचा लाल दिवा लुकलुकतो, तिकडे लक्ष ठेवावे. खोटे कशाला बोलू, पुसायचे बटण फारच बारीक आहे आणि त्याच्यावरचे चित्र कोणालाच कळत नाही. तो दोष माझाच. पण दिवा मी इमानेइतबारे लुकलुकवत होतो. आणि आईंनी, धूळ बसू नये म्हणून, मोठ्या मायेने त्या दिव्यावरच विणलेला रुमाल घातला!

माझे पोट भरायला आत्या एकट्याच पुरेशा होत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. समोर माणूस आहे की यंत्र, याने त्यांना काही फरक पडत नसे. "अगं, उचल की! आहेस ना घरात? बरं, नसशील. तर मी काय सांगत होते..." असे सुरू झाले की शेजारणीची मांजर, मांजरीचे पिल्लू, पिल्लू कोणी नेले, नेणाऱ्याचा स्वभाव कसा, असे साडेसहा मिनिटे. बाबा दोन वाक्ये ऐकून म्हणत, "राहू दे, नंतर ऐकतो." ते नंतर कधी उजाडले नाही. उरलेल्या जागेत जाहिरातवाले, आणि "हॅलो? हॅलो? कोणी नाहीये वाटतं" म्हणून ठेवून देणारे. मित्रांनो, गच्च भरलेल्या पिशवीत आणखी एक वस्तू कोंबून पाहा. माझे तसे झाले होते.

मग तो सोमवार आला. बाबा कामावर, ताई वाचनालयात, आई गुडघ्यांच्या व्यायामाला गेलेल्या. सकाळी अकराच्या सुमारास मी वाजलो. फोन शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांचा होता. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. बाबा वीस वर्षे त्यांच्याकडे काम करत होते. मी बाबांचा ओरडा ऐकवला आणि पुढे बाई बोलू लागल्या, "मी बाई बोलतेय. माझ्या न्हाणीघरातला पाइप..." इथे माझी जागा संपली. फोन कटला.

बाईंनी पुन्हा लावला. पुन्हा ओरडा, पुन्हा कटला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांचा श्वास मला ऐकू येत होता आणि मागे पाणी पडल्याचा आवाज. "चावी फिरत नाहीये हो माझ्याच्यानं..." त्या म्हणाल्या, आणि त्याच क्षणी मी त्यांना तोडले. मला तोडायचे नव्हते. मी काय करणार होतो? ऐकू येत होते, साठवता येत नव्हते. इतका राग मला आजवर कोणाचा आला नव्हता. आत्यांचा आला, रुमालाचा आला, कपाटाच्या पायाखालच्या त्या पुस्तिकेचाही आला.

संध्याकाळी बाबा आले. काही निरोप आहे का, म्हणून त्यांनी बटण दाबले. मी पहिल्यापासून सुरुवात केली, म्हणजे आत्यांच्या मांजरीपासून. त्यांनी मला बंद केले.

चार दिवसांनी ताई घरी आली ती तोंड पाडूनच. वस्तीतल्या कारागिरांबद्दल लोक जिथे मते लिहितात, त्या संकेतस्थळावर मोठ्या बाईंनी लिहिले होते. ताईने वाचून दाखवले, "पाइप फुटला तेव्हा तीनदा फोन केला. तिन्ही वेळा फोन तोंडावर कापला. कोणीही आले नाही. वीस वर्षांच्या ओळखीची ही किंमत. एक तारा."

बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. "मी? मी बाईंचा फोन कापला?" ते म्हणाले. "अगं, त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोठा झालोय मी. एकदा विचारलं तरी असतं. इतकी वर्षं झाली, एकदा विचारायचं तरी!"

आईंनी पाणी आणून दिले. ते तसेच राहिले. त्या आठवड्यात एरवीच्या निम्मेही फोन आले नाहीत.

मग ताईचे डोळे माझ्याकडे वळले. तिने बाईंचा अर्धवट निरोप शोधून काढला आणि ऐकला. "बघितलंत बाबा? तुमचा काही दोष नाही. हा ठोकळा निरोप गिळतो!" आणि तिथेच, माझ्यासमोर बसून, तिने दुकानाच्या संकेतस्थळावर लिहिले, "निरोप गिळणारे यंत्र. घेऊ नका. एक तारा."

वर इतरांनी माझ्यासारख्याच फोनांबद्दल काय लिहिलेय तेही तिने मोठ्याने वाचले. एकाने लिहिले होते, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. त्यानेच खाली लिहिले होते की आपण तो तळघरात ठेवला आहे. एका बाईंना पार्सल दोन दिवस उशिरा मिळाले, म्हणून मला एक तारा. एका गृहस्थांनी पाच तारे दिले होते, "अजून खोका उघडला नाही, पण चांगला वाटतो." एकाची बॅटरी तासाभरात उतरत होती. पहिल्यांदा सोळा तास चार्ज करावी, हे त्याच्याही कपाटाखाली गेले असणार. मी ऐकत होतो. मला तोंड होते, पण ते दुसऱ्यांचे बोलणे परत बोलण्यापुरतेच. माझी बाजू मांडायचे बटण कोणत्याच कारखान्यात बसवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला टाकून द्यायला म्हणून उचलले. मी उचललो गेलो तसा रुमाल घसरला. लाल दिवा लुकलुकत होता.

"हे काय गं?" बाबांनी विचारले.

"काय माहीत. मी कधी बघितलंच नाही," आई म्हणाल्या. मग रुमाल उचलताना त्यांचा हात थांबला. "अगंबाई. मीच झाकलं होतं की हे."

ताईने कपाट उचलून धरले, बाबांनी पुस्तिका बाहेर ओढली. ताईने भिंग लावून वाचले. वाचता वाचता तिचा आवाज हळू झाला. पंधरा मिनिटे. पुसावे. दिवा.

"म्हणजे बाबा, फोन आपणच कापला," ती म्हणाली.

बाबा टोपी घालून उठले. "चल. बाईंकडे जाऊ."

तिथे काय झाले ते मी पाहिले नाही. परतल्यावर ते आईंना सांगत होते तेव्हा ऐकले. शेजारी येऊन चावी बंद करेपर्यंत पाणी बैठकीच्या खोलीत शिरले होते. पुस्तकांच्या मांडणीचा खालचा कप्पा भिजला होता, आणि त्यात बाईंनी शिकवलेल्या प्रत्येक वर्गाचे छायाचित्र होते. तीस वर्षांची तीस. बाईंनी ती एकमेकांना चिकटलेली तशीच ताटात ठेवली होती. बाबांनी तात्पुरता बांधून ठेवलेला पाइप बदलला आणि म्हातारीच्या हाताला फिरेल अशी चावी बसवली. ताईने टिपकागद मागवले, एकेक छायाचित्र पाण्यात सोडवले आणि वाळत घातले. एकोणीस वाचली. अकरा गेली.

निघताना ताई म्हणाली, "बाई, चूक आमचीच होती, पण कापला नव्हता हो फोन मुद्दाम. तेवढं लिहिलेलं काढाल का?"

बाई म्हणाल्या, "मी तीनदा फोन केला आणि कोणी आलं नाही. यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही," बाबा म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

घरी आल्यावर बाबांनी ताईला समोर बसवले. "बाईंनी लिहिलं ते खरं होतं, ते राहू दे. पण तू या फोनबद्दल लिहिलंस ते खरं नाही. न विचारता लिहिलं की कसं लागतं, ते या आठवड्यात कळलंय मला. बदल ते." ताईने बदलले. लिहिले की बटण बारीक आहे, पुस्तिका वाचणे कठीण आहे, पण निरोप पुसत राहिलात तर यंत्र इमानाने काम करते. तीन तारे दिले. हे मत उपयोगी वाटले का, असे खाली विचारतात. तिच्या जुन्या मताला एक्केचाळीस जणांनी 'होय' म्हटले होते. नव्या मताला आजतागायत कोणी नाही.

याचे मला अजूनही वाईट वाटते. बाबांनाही वाटत असणार, कारण त्यांच्या नावाखाली तर बाईंनी दिलेला एक तारा आहे तसाच आहे. आम्ही दोघांनी मिळून पुढे पुष्कळ काम केले. दर शनिवारी आई निरोप पुसायच्या, आत्यांचेसुद्धा. आता माझी बॅटरी दमली आहे, एका हातफोनचे झाकण चिकटपट्टीने धरले आहे. पण मित्रांनो, माझे एवढे ऐका. वस्तू आणली की तिची रीत समजून घ्या. तिचा दिवा झाकू नका. आणि कोणाविषयी चार शब्द लिहिण्याआधी, मग तो माणूस असो की यंत्र, एकदा विचारा.

त्या सोमवारनंतर पाच महिने मोठ्या बाईंचा फोन आला नव्हता. मग एका दुपारी आला. घरात कोणी नव्हते. बाबांचा ओरडा संपेपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "स्वयंपाकघरातला नळ गळतोय. घाई नाही. जमेल तेव्हा ये."

मी ते सगळे साठवले. संध्याकाळी बाबांनी उभ्या उभ्या ऐकले, मग खाली बसून पुन्हा ऐकले, आणि पिशवी उचलून लगेच निघाले.